मिठाच्या कलमात सातुर्निना

नाही, पण सुपाचं मीठ चाखायला सरकारी शिक्का लागतो का हो? तुम्हीच सांगा! जगाच्या पाठीवर कुठं ऐकलंय असं? पातेलं रटरटतंय, बायका डबे घेऊन उभ्या, म्हातारे बाकावर टेकलेत, वाफ नुसती नाकात शिरतेय, आणि सगळ्यांचे डोळे कुठं, तर माझ्या मानेवर! ही थेरडी मान कधी हलवतेय... मान हलली की वाढायचा डाव पातेल्यात बुडणार. नाही हलली, की राहा उभे. एकदा मला शिंक आली, मान गदकन खाली गेली, झालं! अर्ध्या रांगेला वाढूनही झालं, आणि मीठ पडायचंच होतं अजून! तरी सगळ्यांनी आळणी गिळलं मुकाट. का? तर सातुर्निनाची मान हलली, म्हणजे कायदा झाला.

म्हणून सांगते, लग्न करा, दाढ उपटा, गाढव पाळा, पण नाव कागदावर चढवू नका. चढलेलं नाव उतरत नाही.

आता हे झालं कसं? तर आमची टेकडी ही अशी, लिमा शहराच्या पार टोकाला, वर धुकं नि खाली धूळ. आम्ही बायकांनी मिळून सामाईक स्वयंपाकघर काढलं. संस्था नोंदवायची तर नियमावली पाहिजे, म्हणून खालून एक वकील आला. पोरगेलाच होता, पांढरे बूट घालून आमच्या टेकडीवर! वाचायला लागला, 'सभा अध्यक्षा बोलावतील.' तशी आमची हर्मेलिंदा उठली. हर्मेलिंदा म्हणजे काय सांगू, रागावली तरी ओरडते नि लाडात आली तरी ओरडते. म्हणाली, "ही अध्यक्षा कोण? कुठल्या गल्लीत राहते?" आमच्यात मानाच्या बाईला दोन्या म्हणतात, तसा वकील म्हणाला, "दोन्या हर्मेलिंदा, अध्यक्षा म्हणजे पद. आज तुम्ही, उद्या दुसरं कुणी." "दुसरं कुणी? अहो, मागं 'सचिव' म्हणून एक आला होता, त्याचं पदच होतं नुसतं, नाव कुणी विचारलं नाही. आमचं मोठं पातेलं घेऊन गेला तो! आता कुठल्या दारात जाऊन रडायचं? पदाला दार असतं का? पदाला आई असते का, जिला जाऊन सांगता येईल? पद नको. नाव लिही!"

झालं. सगळ्या बायका, "नाव लिही! नाव लिही!" वकील घाम पुसतोय, म्हणतोय, "बायांनो, माणसं मरतात हो..." हर्मेलिंदा म्हणाली, "आम्हाला वेळ नाहीये मरायला. लिही."

मग काय, लिहिलं त्यानं. सभेसाठी घंटेच्या जागी आहे तो आगगाडीच्या रुळाचा तुकडा दोन्या हर्मेलिंदाच वाजवतील, दुसऱ्या कुणी वाजवला तर ती सभा नव्हे, नुसता आवाज. आणि सुपाचं मीठ दोन्या सातुर्निना कोंदोरी याच चाखतील, त्यांनी मान हलवल्याशिवाय डाव बुडणार नाही. शेवटी वकिलानं पाया पडून एक ओळ घालून घेतली, की नाव असलेली बाई वारलीच, तर त्याच दिवशी रूळ वाजवून सभा घ्यायची आणि त्या नावाचं काय करायचं ते ठरवायचं.

आणि मी, तुम्हाला काय सांगू, हुरळले! दोन यत्ता शिकलेली बाई मी, माझं नाव कधी कुठं छापून आलं होतं? तो कागद नेऊन माझ्या कोंबडीला दाखवला. सुल्ताना तिचं नाव. तिनं बघितला, नि त्याच्यावर शिटली. तेव्हाच कळायला हवं होतं. कोंबडीला कळलं, मला नाही!

तर इतकी वर्षं चाखतेय. कुणाची तक्रार नाही. आणि गेल्या महिन्यात ताक्नाहून लेकीचा फोन. नेलिदा माझी, एकुलती एक. म्हणाली, "आई, दिवस गेलेत." इतक्या वर्षांनी हो! मी तर फोनलाच मुके घ्यायला लागले. म्हणाली, "आई, ये. मला भीती वाटते, बाळंतपणाला तू पाहिजेस." आता सांगा, आईनं जायचं की नाही? पण ताक्ना काय शेजारी आहे? देशाच्या पार दक्षिण टोकाला! एकदा दिराच्या मातीला खाली गेले, संध्याकाळी परत आले, तर सूप थिजलेलं, माणसं रांगेतच बसून पेंगतायत! म्हटलं, "अरे जेवला का नाही मुडद्यांनो?" म्हणाले, "तुमची मान नव्हती ना, दोन्या साता."

हसू नका. या टेकडीला सरकारनं शिक्का मारून दिलेला तो एकच कागद. नळ नाही, गटार नाही, पण कागद आहे! त्यातलं एक अक्षर मोडलं तर खालून माणसं येतील नि स्वयंपाकघराला टाळं ठोकतील, अशी सगळ्यांची खात्री. चढलेलं नाव उतरत नाही!

मग गेले हर्मेलिंदाकडं. म्हटलं, "बाई गं, रूळ वाजव, सभा घे, माझं नाव काढ, दुसरी कुणीतरी घाल. लेक बोलावतेय." ती बटाटे सोलत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "तुझं नाव छापलंय ना?" म्हटलं, "छापलंय." "मग? मेलीस की वाजवीन."

अस्सं? मेलीस की वाजवीन? मी म्हटलं, ठीक आहे.

आता माझ्यावर खोटेपणाचा आळ घेऊ नका हं. त्याच आठवड्यात माझी सुल्ताना गेली. म्हातारी झाली होती बिचारी, परसात पुरली मी तिला. आणि आमच्यात घरात कुणी गेलं की दारावर काळी फीत बांधतात. सुल्ताना घरातली होती की नाही? होती. मी एकटी राहते की नाही? राहते. मग बांधली फीत, दाराला लावलं कुलूप, आणि जाऊन बसले माझ्या कोमाद्रेकडं, ग्रेगोरियाकडं. तिच्या मुलाला बाप्तिस्म्याला मी मांडीवर घेतलं, त्या नात्यानं कोमाद्रे. तिच्या घराची नि स्वयंपाकघराची भिंत एकच, तीही बोरूच्या चटईची. पलीकडं कुणी सुस्कारा टाकला तरी अलीकडं ऐकू येतो. ग्रेगोरिया म्हणत होती, "साता, पाप लागेल." म्हटलं, "कोंबडीचं सुतक पाळते, त्यात कसलं पाप?"

मी कुणाला एक शब्द सांगितला नाही हो! लोकांनीच सगळं केलं. एक म्हणाली, "साता गेली!" दुसरी म्हणाली, "हो, पहाटेच दवाखान्यात नेली." तिसरी म्हणाली, "मी बघितली ना गाडी, दिवा फिरत होता." आमच्या टेकडीवर गाडी चढतच नाही! पण हिनं दिवा फिरताना बघितला!

आणि मग रूळ वाजला. ठाण... ठाण... म्हटलं, वाजला गं बाई! सुटले! वकील आला धापा टाकत. टक्कल पडलंय आता त्याला, बूट मात्र अजून पांढरेच. आणि मी भिंतीला कान लावून बसले, की आता माझं नाव खोडतील, मी संध्याकाळच्या गाडीत बसेन.

तर हर्मेलिंदाचा आवाजच येईना. तिचा! मग आला, इतका बारीक की मला ओळखू येईना. म्हणाली, "मी तिला मर म्हटलं. बटाटे सोलताना म्हटलं, वर बघितलंसुद्धा नाही. ती गेली असती ताक्नाला, तर परत आली नसती, नातवंडात रमली असती. मग मी रोज भांडायचं कुणाशी? म्हणून वाजवला नाही मी रूळ. आणि तिनं... एरवी मेलं कधी ऐकलं नाही माझं, हे बरं ऐकलं!"

इकडं ग्रेगोरिया शालीचं टोक तोंडात कोंबून रडतेय, नि मी... माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. चटईतली धूळ.

मग हर्मेलिंदा म्हणाली, "वकीलसाहेब, लिहा. ते मरणाचं कलम खोडा. आणि मिठाच्या कलमात घाला, सातुर्निना कोंदोरी याच चाखतील, जिवंत असोत की नसोत. हे नाव कुणी कधी काढायचं नाही." वकील म्हणाला, "अहो, पण गेलेली बाई चाखणार कशी?" ती म्हणाली, "तिची खुर्ची ठेवू, चमचा ठेवू. ती काहीतरी खूण करेल. तिला गप्प बसवतच नाही." सगळ्यांचे अंगठे झाले. शिक्का बसला, धप्प! मी ऐकला.

आणि मग ती सुपाकडं वळली. रडतेय नि मीठ घालतेय. एक मूठ. हुंदका. अजून एक मूठ. मी म्हटलं, जाऊ दे साता, गप्प बस, गाडी आहे संध्याकाळची... ती तिसऱ्या मुठीसाठी डब्यात हात घालतेय, खरखर ऐकू आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बस्स कर! समुद्र करतेस का त्याचा?"

पलीकडं जो गलका झाला! एक बाई बाकाखाली, वकील दाराबाहेर, कुणी क्रूस करतंय. फक्त हर्मेलिंदा हलली नाही. भिंतीतनं डोळा लावून बघितलं तिनं माझ्याकडं. म्हणाली, "बघा. म्हटलं नव्हतं, खूण करेल?"

मग काय, अलीकडं येऊन तिनं मारलं मला डावानं, मिठी मारली, परत मारलं. मी म्हटलं, "आता मी जिवंत आहे, तर नाव काढा." वकील म्हणाला, "दोन्या साता, ते 'जिवंत असोत की नसोत' असं झालंय आता. बदलायचं तर पुन्हा सभा लागेल. म्हणजे रूळ..." आणि आम्ही सगळ्यांनी रुळाकडं बघितलं, तर हर्मेलिंदा त्याच्यावर बसली होती. पाय पसरून. बटाटे सोलत.

आधी मेल्यावर तरी सुटका होती हो! तीही घालवली मी हातानं. चढलेलं नाव उतरत नाही, माझं तर आता वरपर्यंत चढलंय.

मी येत नाही म्हटल्यावर नेलिदाच येतेय शेवटी, पोट वाढायच्या आत. बाळंतपण इथंच. हर्मेलिंदानं खाट बघून ठेवलीये, सुईण सांगून ठेवलीये, दुपटी शिवतेय. आणि रोज चमचा माझ्या हातात देताना विचारते, "काय गं, पोराचं नाव काय ठेवणार?"

मला वाटलं, बाई बदलली, माया आली. काल कळलं. नियमावलीत शेवटचं पान कोरं आहे.