चुड्याचं माप

दाबू नका हो, हंसाबेन. थांबा जरा — नाही, साबण नको, हातावर चढवायची ती प्लास्टिकची पिशवी पण नको, त्याने काही व्हायचं नाही. संक्रांतीला तुम्हीच भरल्या होत्यात ना मला, दोन-सहाच्या, सरसर गेल्या होत्या. आता दोन-आठ पण गाठीवर अडतेय, दिसतंय मला. एवढी सूज कशी चढली म्हणून काय विचारता, लग्नघर आहे, कामं काय कमी असतात? आणि जोर लावून फुटली — म्हणजे वाढली — तर? उद्या लेकीचा चुडा, आज माझ्या हातात काच वाढायला नको. ठेवा ती बाजूला. मी माझ्या बांगड्यांसाठी आलेच नाहीये खरं तर. आधी माझं ऐका, मग भरा — हां बहनजी, आप देखो ना आराम से, मेरेको टाइम लगेगा — तिला त्या मेटलच्या दाखवा, बघत बसेल.

माझ्या हाताचं तुम्हाला काय नव्याने सांगायचं. लालबागची खोली सोडून आम्ही पेणकरपाड्याला आलो ना, तेव्हाच सुरू झालं होतं. सकाळी उठलं की बोटं आखडलेली, कुकरचं झाकण लागायचं नाही. खालचे डॉक्टर म्हणाले वात आहे, पाण्यात हात घालू नका. अहो, पाण्यात हात घालायचा नाही तर भांडी काय फुंकर मारून घासायची? दुखलं की सुई, सुई उतरली की परत दुखणं. कुणी तांब्याचं कडं दिलं, कुणी म्हणालं दही सोडा, कुणी म्हणालं वांगं सोडा — मी सगळं सोडलं, दुखणं काही मला सोडेना. शेवटी ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी मीरा रोडच्या मॅडमचं नाव सांगितलं, संधिवाताच्या स्पेशल डॉक्टर. मी आत गेले, नमस्काराला हात जोडले, तर बाईने माझा हातच हातात घेतला आणि इथे, ह्या गाठींवर, दोन्ही बाजूंनी दाबला — तुम्ही बांगडी भरताना दाबता ना, अगदी तस्सा. मी कळवळले. त्या म्हणाल्या, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, पोरीचा डबा भरून ती शाळेत जाईपर्यंत. मग रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. आणि फोटो उजेडाला धरून त्या काय म्हणाल्या माहितीये? ‘जे झिजलंय ते परत येणार नाही. सुरुवातीलाच आला असतात, तर हात होते तसे राहिले असते.’ एवढंच. पण ते वाक्य, हंसाबेन, आजही भाकरी थापताना मला ऐकू येतं.

औषध आहे की. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, माझा शनिवार. दुसऱ्या दिवशी एक छोटी पिवळी, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. मॅडमनी दम भरला होता — एकदाच म्हणजे एकदाच. त्यांच्याकडच्या एका बाईने चुकून रोज घेतली, तर तोंडभर जखमा, रक्तातल्या पेशी घसरल्या, जिवावरच बेतलं तिच्या. तोंड आलं, ताप आला, तर गोळी थांबवायची आणि पहिला फोन मला करायचा, असं दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. त्या गोळीनेच तर हात संक्रांतीपर्यंत बरे होते. घेते हो, घेतेच मी — म्हणजे, घेत होते. सांगते. ते नंतर सांगते.

आधी उद्याचं ठरवू. उद्या संध्याकाळी तुम्ही आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये येणार, पहिला चुडा संचिताचा. समोर सतरंजीवर माझी विहीणबाई बसणार, त्यांच्या जावा, त्यांची ती मीरा रोडची बहीण. आणि तुमची सवय मला माहितीये — रागावू नका — तुम्ही हात हातात घेता, गाठी दाबता आणि खणखणीत आवाजात माप सांगता. ‘दोन-चार, बेटी का हाथ तो मक्खन है.’ सगळ्या हसतात. तर उद्या तेवढं करू नका. माप बोलू नका आणि दाबू पण नका. आजच दोन-आठच्या बाजूला काढून ठेवा, चुड्याच्याच हिरव्या, आणि गप्पा मारत मारत भरून टाका. तिला दोन-सहाची साखरपुड्याला झाली होती, हो, मला माहितीये. आता नाही व्हायची. लग्नाआधी पोरी बारीक होतात म्हणता ना तुम्ही — होतात. हिची बोटं जाड झालीत.

कसं कळलं म्हणजे? आई आहे मी. चहाचा कप ती कानाला धरून उचलायची, आता दोन्ही तळव्यांत धरते, थंडी असल्यासारखा. टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडते. साखरपुड्याची अंगठी गळ्यातल्या चेनमध्ये घातलीय, विचारलं तर म्हणे आई, आता हीच फॅशन आहे. मी पण फॅशन म्हणून सोडून दिलं असतं हो. पण सकाळी नळ सोडताना मनगटाने ढकलते ती — तसा नळ आमच्या घरात फक्त मी सोडते. मग एके दिवशी मी हाताला क्रीम लावून देते म्हणून तिचा हात घेतला आणि मॅडमसारखा दाबला. इथे. हळूच दाबला. तिने हात ओढून घेतला असता, ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू — मी पण अशीच हसायचे हो, सासूबाईंसमोर. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, गॅस पेटवला, बंद केला, परत पेटवला. त्या दिवसापासून मला झोप नाही, हंसाबेन. रात्री तिच्या खोलीत जाऊन तिचे हात बघते. सरळ आहेत अजून. छान सरळ आहेत.

न्यायला पाहिजे होती, कळतं मला. तुमच्याआधी मीच मला शंभरदा सांगून झालंय. पण कशी नेऊ? साखरपुड्यात विहीणबाईंनी माझा हात बघितला — असा वाकडा हात लपणार कुठे — आणि विचारलं, हे तुम्हाला कधीपासून? मी म्हटलं, जिन्यावरून पडले होते. पडले होते! दोन्ही हातांवर एकदम! ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्या बाई म्हणाल्या, ‘नाही, आमच्याकडे कुणाला असलं काही नाही हो, म्हणून विचारलं.’ वाईट नाहीत त्या. पण ते वाक्य गोड बोलून खुंटी ठोकल्यासारखं होतं. त्यांची बहीण मॅडमच्या दवाखान्याच्या समोरच राहते, गॅलरीत बसून मटार सोलते, कोण आत जातं कोण बाहेर येतं सगळं तिला दिसतं. लग्न ठरलेली मुलगी संधिवाताच्या दवाखान्यात चढली, तर संध्याकाळपर्यंत विरारला विहिणीकडे फोन. मला स्वतःला जायची भीती वाटायला लागली. दोनदा नंबर लावून मी गेले नाही — मॅडम दरवेळी विचारतात ना, मुलगी कशी आहे, तिला काही त्रास? एकदा म्हणाल्या होत्या, आईला असलं तर मुलीला होण्याची शक्यता जरा जास्त, होतंच असं नाही, पण लक्ष ठेवा. त्यांच्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं मला. विहिणीशी बोलले, ती गोष्ट वेगळी.

हो हो, लग्न होऊ दे, मग मीच घेऊन जाणार होते. पण तोवर? तोवर हात झिजले तर? दोन्हीकडून जीव टांगलेला. एकीकडे मॅडमचं ते वाक्य, दुसरीकडे विहिणीचं. माझ्या डोळ्यांदेखत पोरीचे हात माझ्यासारखे होऊ द्यायचे का? तुम्ही काय केलं असतंत? — बहनजी, वो आपको छोटा पड़ेगा, दूसरा देखो — इकडे या जरा, काउंटरच्या आत. कुणाला सांगू नका. मी तिला देतेय. माझी गोळी. दुसरी कुठून आणणार, दुकानदार चिठ्ठी मागतो, म्हणून माझीच देते, माझी बंद. म्हणून तर हात असे सुजलेत, दुसरं काही नाही. मोरावळ्यात देते. पोरगी लहानपणापासून रोज सकाळी चमचाभर मोरावळा खाते, शनिवारी मी खलात गोळी कुटते आणि त्यात कालवते. आंबट-गोड असतो, चव कळत नाही. रविवारी ती पिवळी पण देते, काही विसरत नाही मी. आणि फरक पडलाय हो, खरंच, गेल्या आठवड्यात तिने बरणी उघडली. आपली आपण. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन रडले.

बंद करणार आहे, अहो, हाच शेवटचा शनिवार होता. त्या गोळीवर असताना दिवस जाऊन चालत नाही, बाळाला धोका, तेही माहितीये मला, म्हणून लग्नानंतर एक कण द्यायची नाही असं ठरवलंय. नुसतं हे केळवणांचं तेवढं — जिथे जेवायला बोलावतात तिथे ताटाला हात लावत नाही ती. काकूकडे नुसता दहीभात खाल्ला. तोंड आलंय, आई, झोंबतं म्हणाली. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, लाल लाल. उन्हाळा, जागरणं, बाहेरचं खाणं — येणारच ना? सुरुवातीला मलाही थोडं आलं होतं, गेलं आपोआप. मी तूप लावायला दिलंय, गुलकंद दिलाय. उष्णताच आहे ती.

का हो? बांगड्यांचा तोडा खाली का ठेवलात? नाही भरणार म्हणताय का — तसं असेल तर स्पष्ट सांगा. मग असं काय बघताय माझ्याकडे?

कोण आली होती? संचिता? मैत्रिणींबरोबर आली असेल, रंग बघायला. अभिनवबरोबर? जावयाला घेऊन बांगड्यांच्या दुकानात? आणि काय म्हणाली? … नीट सांगा, चाचरू नका. तिनेच मोठ्या काढायला सांगितल्या. दोन-आठच्या. सांधे सुजलेत म्हणाली, अभिनवसमोर. त्याला माहितीये? तोच घेऊन जातो — कुठे घेऊन जातो?

मॅडमकडे. माझ्याच मॅडमकडे.

आणि मला सांगू नका म्हणाली. का? आई घाबरेल. आईला वाटेल माझ्यामुळे झालं. बघा, कार्टीने… आणि तुम्ही मला एवढा वेळ बोलू दिलंत, हंसाबेन. माझं सगळं ऐकून घेतलंत, उभ्या उभ्या. नाही, रागावले नाही. शपथ घातली होती तिने, समजतं मला. आणि तो? तिची पर्स धरून उभा होता? बरं. चांगलं आहे. चांगला मुलगा आहे हो तो. विहीणबाईंना तोच सांगेल मग, हळूहळू, त्याची आई आहे. मी उगीच रात्र-रात्र जागले. मॅडमनी बघितलंय म्हणजे वेळेत बघितलंय, रक्त तपासलं असेल, औषध सुरू केलं असेल —

औषध सुरू आहे ना तिचं? काही बोलली का ती? आठवा. रोजचं की आठवड्याचं? चुडा सोमवारी ठेवू नका म्हणाली तुम्हाला — का, सोमवारी काय? सोमवारी मळमळतं. का मळमळतं सोमवारी?

रविवारी गोळी असते.

तिची रविवारी. आणि शनिवारी मी… एकावर एक. दर आठवड्याला. अहो, तिचं तोंड. हंसाबेन, तिचं तोंड. मी तूप लावतेय त्याला. काल अंग गरम लागलं तर मी म्हटलं, ऊन लागलं असेल. स्वतःच्या हाताने कुटून, कालवून, चमचा तोंडासमोर धरला मी.

बांगड्या राहू द्या. माझी पिशवी — त्यात फोन आहे, तुम्ही काढा, माझी बोटं मिटत नाहीत. संचिता नको, तिला नंतर. ‘मॅडम मीरा रोड’ असं लिहिलंय बघा. हो, तोच. लावा. स्पीकर नको, कानाला धरा माझ्या. बहनजी, दो मिनट चुप रहो, प्लीज.

वाजतोय.

हॅलो? मॅडम, पेशंट म्हणून नाही, मी — मी संचिताची आई बोलतेय.