पासपोर्ट खरा होता

…आता रडत्येस कशाला? इंग्लंडात कायमचं राहायचा शिक्का मिळायला पाचाची दहा वर्षं करणार, एवढंच ना? नुसता प्रस्ताव आहे म्हणे! अगं, त्यांचा प्रस्ताव म्हणजे ठरलेलं लग्न — मुलीला मागाहून विचारतात. बस, तेजश्री. चहा घे. चार वर्षं तिथल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसलीस, कर भरलास, आणि तुला वाटलं आपण त्यांच्या झालो — अच्छा! तू निदान नर्स म्हणून गेलीस, पाहुणी. आम्ही तर त्यांची प्रजा. माझा जन्म नैरोबीचा, बाबा रेल्वेत. केनिया स्वतंत्र झाला तेव्हा ह्या इंग्रजांनीच सांगितलं, आमचा पासपोर्ट ठेवा, तुम्ही आमचेच. आमचेच! अडुसष्ट साली दिसलं की हे सावळे लोक खरंच यायला लागलेत, की लगेच कायदा बदलला. आमच्या ह्या मयूर विहारच्या सोसायटीत पाण्याची टाकी बदलायला तीन वर्षं लागली — त्यांच्या पार्लमेंटनं तीन दिवसांत आम्हाला परकं केलं. ज्याचा बाप-आजा तिथला तो आत, बाकीचे दाराबाहेर.

आणि तू काय करणार, तर जयेशला सांगणार ‘थांब’? पक्का शिक्का मिळाला की मग लग्न? हे कोणाचं डोकं — तुझं की त्याचं? दोघांचं? बिल्कुल आमच्यासारखं. हरिदास नि माझं ठरलं होतं. बाबा आजारी, म्हणून म्हटलं तू हो पुढे, मी येते मागून. तो पोचला नि इकडे कायदा आला. तरी गेलेच मी. वीस वर्षांची मुलगी, पासपोर्ट खरा, घाबरायचं कशाला? लंडनच्या विमानतळावर एक गोरा, काय गोड बोलायचा मेला — ‘मॅडम, पासपोर्ट अगदी खरा आहे, पण आत येता येणार नाही.’ बसवलं एका खोलीत. काचेपलीकडे हरिदास, उसना करडा कोट, बाह्या आखूड. मी हात केला, त्यानं हात केला. मग त्यानं घड्याळ बघितलं. कारखान्यात पाळी होती ना त्याची! परत बघितलं. आणि गेला. मला नैरोबीला धाडलं, तिथले म्हणाले तू इथली नाहीस — शेवटी ह्या दिल्लीत काका होते, सरकारी नोकरीत, त्यांनी पालमच्या विमानतळावर उतरवून घेतलं. जन्मात न पाहिलेलं गाव!

काय? नाही नाही, बोलावलं की. पुढच्याच वर्षी कागद झाले म्हणून बोलावलं त्यानं, दोनदा. मी नाही गेले. घड्याळ बघणाऱ्या माणसाकडे जायचं? शाळेत भूगोल शिकवला, हे घर केलं, कोणाचं काही अडलं नाही. नोकरी गेली असती त्याची, कळतं मला, नवा माणूस, परका देश — तेव्हाही कळत होतं. पण एकदाच बघायचं ना. दोनदा कशाला बघितलं?

…तू माझ्याकडे अशी बघू नकोस हं. दया तुझ्या पेशंटांना दाखव. मी तुला कायद्याबद्दल सांगत होते. जयेश खाली गाडीत बसलाय ना? मग इथे काय करत्येस? जा. ऊठ म्हणते ना — कप राहू दे, मी विसळीन. दार ओढून घे.