व्याह्यांच्या आधी पाणी

पोटाच्या ऑपरेशनमुळं माझं वजन उतरलं खरं, पण लेकीची सोयरीक मोडता मोडता राहिली. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं, अशी डॉक्टरांची ताकीद. मोडनिंबला मुलाचं घर बघायला गेलो, तर ताटं वाढलेलीच होती; सांगायचं राहून गेलं. मी सावकाश चार घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

मुलाच्या आई वाढता वाढता थांबल्या. "आमच्या घरचं पानी चालत न्हाय व्हय, पाव्हणं? स्थळ पसंत नसंल तर सरळ सांगा की."

बायको घाबरली. मी घाईघाईनं ऑपरेशनचं सांगितलं.

"आवं, मग आदी बोलायचं की!" म्हणत त्यांनी तांब्या उचलला. तेवढ्यात त्यांच्या यजमानांना शेंगाचटणीचा ठसका लागला. त्यांनी तांब्याकडं हात केला, तर बाई कडाडल्या, "थांबा की जरा! व्याह्यांच्या आदी पिता व्हय?"

त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको मला कोपर मारून पुटपुटली, "ऐकलंत का? तुम्हांला व्याही म्हणाल्या त्या."