शनिवारचं कपाट

ताईंच्या घरची मंडळी, वाचनालयाची समिती, शनिवारी येणाऱ्या आम्ही बायका, सगळे जमलोय. बोलणं जड जातंय. म्हणून घडलं ते आधी क्रमाने सांगते.

१. केडगावच्या या वाचनालयाच्या ग्रंथपाल शैलाताई सोमवारी गेल्या.

२. बुधवारी समितीने त्यांचं कपाट रिकामं केलं. त्यातल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या गोण्यांत भरून जिन्याखालच्या खोलीत टाकल्या. कुलूप लावलं.

३. आज ताईंच्या फोटोखाली लिहिलंय, 'संतसाहित्याच्या व्रतस्थ अभ्यासक'.

यातलं तिसरं, फलकावरचं, खोटं आहे. मी कारखान्यात सुटे भाग तपासते. माप चुकलं की भाग परत पाठवते. हा फलकही परत पाठवतेय.

अध्यक्षकाका, काल तुम्ही मला म्हणालात, "पोरी, गेलेल्या बाईचं नाव जपायला नको का?" कशापासून जपायचं, काका? दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या नाचाच्या मैफलींपासून?

दर शनिवारी दुपारी ताई या कादंबऱ्यांतलं एक प्रकरण आम्हाला मराठीत सांगायच्या. एकच. पुढचं विचारायचं नाही, हा नियम. भाजीवाल्या सिंधूमावशी एकदा चिडल्या. "अवो ताई, दोनशे पानं झाली! नुसते भांडत्यात. हात तरी धरंल का न्हाई त्यो?"

ताई म्हणाल्या, "सिंधू, त्याने हातमोजा काढलाय. आज तेवढ्यावर भागव."

हसा. तेव्हाही असंच हसायचो.

यात काय आहे, विचारता? मला बघायला आले होते. पोहे संपायच्या आत माझी उंची विचारून झाली, नोकरीतल्या बदलीचं विचारून झालं, स्वयंपाकाचं झालं. मला काय वाटतं, ते राहिलं. या पुस्तकांतली बाई टोमणा मारते, आणि तो माणूस तीन प्रकरणं त्याच टोमण्यावर विचार करत बसतो. तिचं बोलणं त्याच्या लक्षात राहतं. तिने 'नाही' म्हटलं, तर तो 'नाही' असंच ऐकतो. आमच्यातल्या किती जणींचं 'नाही' कुणी ऐकलंय? यात लाज कसली? आणि कुणाला?

मागच्या शनिवारच्या प्रकरणात तो पावसात, टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा होता. त्याने लग्नाचं विचारलं. ती उत्तर देणार, तेवढ्यात ताईंनी पुस्तक मिटलं. "पुढच्या शनिवारी," म्हणाल्या.

ते पुस्तकही गोणीत आहे.

आता ताईंसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. त्याआधी समितीला एवढंच सांगायचंय. फलक उतरवा. पुस्तकं कपाटात परत लावा. येत्या शनिवारी पुढचं प्रकरण मी सांगेन, मला ताईंसारखं जमणार नाही तरी. खोली उघडणार की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्हाला कळवा.