देव्हाऱ्यातलं बीजगणित

हसा खुशाल, पण चाळिशीत दहावीचा फॉर्म भरून मीसुद्धा अभ्यास टाळलाय. खंडेनवमीला बीजगणिताचं पुस्तक पूजेत मांडलं. त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नसतो. पण दसरा झाला, दिवाळी झाली, तरी मी ते उचललं नाही. रोज एक फूल वाहायचं अन् कापूस वेचायला जायचं. खरं सांगते, गणिताची धास्ती होती.

संक्रांतीला घरात पाहुणे आल्ते. मालक त्यांना म्हणाले, "आमची बायको दहावी करून राह्यली. नुसतं पुस्तकाला कुंकू लावून!" सगळे हसले. मीही हसले, त्याचा राग मला आजही येतो.

पाहुणे गेले तशी पुस्तकावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि पहिलं गणित सोडवलं. मार्चपर्यंत चुलीपुढं, बांधावर, परतूरच्या गाडीत तेच करत राहिले. पास झाले.

मालक गावभर पेढे वाटत सांगू लागले, "रोज पूजा केली, देवी पावली!"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मंग औंदा तुमी बसा की परीक्षेला. फुलं मी वाहते."

गावात पेढा न मिळालेली मी एकटीच.