आत्याच्या गाडीतला पिवळा दिवा

...आणि वर बाबा मलाच म्हणतात, "तुला कशाला हवी गं वेगळी खोली, तू तर बोलतसुद्धा नाहीस." आता तुम्हीच सांगा, न बोलणाऱ्यालाच खोली लागते ना? बोलणाऱ्यांना काय, त्यांना अख्खं घर आहे. मी झोपते हॉलमध्ये, सोफ्यावर, डोक्याशी फ्रिज आणि पायाशी टीव्ही, फ्रिजची घरघर थांबली की बाबांच्या बातम्या सुरू होतात, बातम्या थांबल्या की आईला आठवतं की उद्याचे कपडे इस्त्री करायचे राहिलेत... आणि खोल्या आहेत दोन, एक आईबाबांची, एक आत्याची. आत्याच्या खोलीत दुसरी कॉट अगदी आरामात मावली असती, पण तिथे काय ठेवलंय माहीत आहे? छत. घराचं नाही, गाडीचं. काढून भिंतीला टेकवून ठेवलंय, वर जुनी चादर, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं आत कुणीतरी आजारी आहे आणि ते हळू आवाजात बोलायला लागतात.

तर ही गाडी. आत्याची. दोन दारं, दोन सीटा, छत काढून ठेवता येणारी, जमिनीला इतकी लागून की बसताना आधी आपण बसतो आणि मग आपलं पोट बसतं. वय विचाराल तर माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. म्हणजे खरं तर मी तिला ताई म्हणायला हवं, आणि घरात तिचा मानही तसाच आहे, ताईला स्वतःची खोली आहे, शटरवाली, म्हणजे गॅरेज, आणि मला सोफा.

आत्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारत असते, "आता स्पष्ट दिसतंय? की आता? की मघाचं बरं होतं?" आणि संध्याकाळी स्वतःच्या गाडीत समोर ढळढळीत दिवा पेटलेला असला तरी तिला दिसत नाही. म्हणजे दिसतो हो, पण ती त्याच्याकडे बघते आणि शांतपणे म्हणते, "पिवळा आहे, लाल नाही." हे तिचं तत्त्वज्ञान. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे चालू द्या. आणि हे काय फक्त गाडीपुरतं आहे का? मला गणितात बेचाळीस पडले, आईनं तोंड फिरवलं, बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि आत्या मार्कांचा कागद उजेडात धरून म्हणते, "पिवळा आहे, लाल नाही."

पण तुम्हाला सांगते, त्या गाडीत एक क्षण असा असतो ना... किल्ली अर्धी फिरवली, अजून इंजिन सुरू केलं नाही, की समोरचे सगळे दिवे एकदम लागतात. लाल, पिवळे, एक हिरवा. डोंगरावरून खालचं गाव दिसावं तसं. इंजिनाचं चित्र, जे आईला कासव वाटतं, तेलाचा डबा, बॅटरी, गोलात अडकलेलं उद्गारचिन्ह. आणि मग एकेक विझत जातात, जणू त्या गावातली माणसं एकेक घर बंद करून झोपायला चालली आहेत. मी लहानपणी त्यांना मनातल्या मनात शुभरात्री म्हणायची. अजूनही म्हणते, पण ते कुणाला सांगू नका.

तर दोन महिन्यांपूर्वी त्या गावातलं एक घर झोपेना. एबीएसचा दिवा. म्हणजे कसं, प्रत्येक चाकाशी अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवलेला असतो, तो सारखा सांगत असतो मी फिरतोय, मी फिरतोय, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर चाक घसरू द्यायचं नाही हे गाडीला कळतं. चौघांपैकी एक जरी गप्प बसला तरी दिवा. मिस्त्रींनी त्यांचं कोड वाचायचं यंत्र लावलं, यंत्र म्हणालं पुढचं डावं चाक. सेन्सर बदलला, दिवा गेला, आम्ही घरी आलो, गल्लीत शिरलो... दिवा हजर. परत गेलो तर तिथे दिवा नाही. आत्या म्हणाली, "अहो मिस्त्री, घरी गेलं की लागतो हो." मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मॅडम, मग घरातच काहीतरी प्रॉब्लेम असणार." यावर बाबा मान हलवून म्हणाले, "बरोबर बोलला तो." पुन्हा सेन्सर बदलला. पुन्हा गल्ली, पुन्हा दिवा. "पिवळा आहे," आत्या म्हणाली, पण आता जरा हळू.

कारण बाबांनी अट घातली होती ना. दरवर्षी गाडीची तपासणी असते, आणि एबीएसचा दिवा पेटलेला दिसला की तपासनीस सरळ नापास करतात. बाबा म्हणाले, "ताई, हे शेवटचं. या वर्षी पास झाली तर मी चकार शब्द काढणार नाही. नापास झाली तर भंगारवाल्याला बोलावतो, आणि गॅरेजची पोरीला खोली करतो." आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, छोट्या." बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत, पण तिच्यासाठी छोट्याच.

आणि मी? मी त्या दिवसापासून सोफ्यावर झोपायचीच बंद झाले. म्हणजे अंगानं तिथेच, मनानं गॅरेजमध्ये. इथे टेबल, इथे पुस्तकं, शटरच्या जागी दार, आणि दाराला आतून कडी. आतून कडी म्हणजे काय असतं, हे ज्यांच्याकडे आहे त्यांना नाही कळायचं. बाबा टेप घेऊन मापं काढायचे आणि मी टेपचं दुसरं टोक धरायची, आणि तेवढ्यात आत्या पर्स घेऊन तिथून जायची, टेपखालून वाकून.

आता खरी गोष्ट. माझ्या भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान मी दिव्याला दिलं होतं. कधी लागला, कुठे लागला, पाऊस होता का, आत्या काय म्हणाली. सवय आहे मला, बोलत नसले की लिहिते. आणि दहाव्या नोंदीला मला दिसलं की दर वेळी शेवटी मी एकच वाक्य लिहिलंय, दप्तर घसरून गिअरला लागलं. दर वेळी! आता दप्तर माझ्या मांडीवरून आत्याच्या बाजूला घसरतं कधी? गाडी डावीकडे वळते तेव्हा. आणि आमच्या गल्लीत शिरायचं ते चांगलं काटकोनात डावीकडे, स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवून. मिस्त्रींकडे जाताना? उजवीकडे, सरळ, उजवीकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी सेन्सर नवा घातला, पण त्याच्या पुढची वायर जुनीच, आणि चाक पूर्ण डावीकडे वळलं की ती ताणली जायची आणि आत कुठेतरी सुटायची. गाडी बंद करून सुरू केली की पुन्हा शहाणी.

दोन सेन्सर बदलून मिस्त्रींना जे सापडलं नाही ते मला सापडलं, आणि मी काय केलं? वही मिटली. एक अक्षर बोलले नाही. मी तशीही कुठे बोलते? तीन आठवडे. बाबांनी विचारलं भिंतींना रंग कोणता, मी म्हटलं फिकट निळा. तेवढं मात्र बोलले.

तपासणीच्या दिवशी सकाळी आत्यानं मला सोबत घेतलं. गॅरेजमध्ये ती आधीच बसली होती, छत नाही, हातात मऊ फडकं, समोरची काच पुसत होती, जसे लोकांचे चष्मे पुसते तशी, गोल गोल. मी बसले. ती म्हणाली, "हे बघ, आज काय व्हायचं ते होवो. पण तुझ्या बाबाला सांग, खिडकी समोर नको काढू म्हणावं, या बाजूला काढ. इथे सकाळी ऊन येतं, बरोबर मांडीवर. मला माहीत आहे, मी रोज दुकानात जायच्या आधी दहा मिनिटं नुसती बसते इथे." आणि खरंच, झरोक्यातून उन्हाचा तुकडा आला होता, तिच्या मांडीवर, रुमालाएवढा.

तुम्ही काय केलं असतं? नाही, सांगा ना. एकीकडे आतून कडी आणि एकीकडे तो रुमालाएवढा तुकडा. माझ्या घशात शब्द आले, पण ते नेहमीप्रमाणे तिथेच रांगेत उभे राहिले. शेवटी बाहेर काय पडलं? "आत्या... आज उजवीकडूनच जाऊ या."

"म्हणजे?"

"डावीकडे वळलं की ऊन डोळ्यांवर येतं."

सकाळी आठला, चहू दिशांना, डावीकडे वळलं की ऊन! पण आत्यानं कधी कुठल्या रस्त्याला प्रश्न विचारलेत? निघालो. तपासणी केंद्र दहा मिनिटांवर, वाटेत दोन डावी वळणं, आणि ती टाळायची तर काय, पुढे जायचं, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, की मूळच्या चौकात आडव्या दिशेनं. आम्ही गावाला गोगलगायीसारखं गुंडाळत चाललो होतो. एक शिंपी दुकानाचं शटर उघडताना दिसला, मग तोच बाहेर पाणी मारताना, मग तोच मशीनला दोरा ओवताना, आणि तिसऱ्यांदा त्यानं हात केला. डोक्यावर झाडं मागे सरकत होती, पानांमधून ऊन आत्याच्या केसांवर पडायचं, विझायचं, पडायचं. समोर सगळे दिवे झोपलेले, एकही घर जागं नाही. आत्या काहीतरी गुणगुणत होती आणि मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर, कुठे पोचलोच नाही तर, ना खोली ना भंगार, नुसतं उजवीकडे... पण केंद्र आलं, आणि फाटकसुद्धा उजव्या हाताला.

तपासनीसकाकांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर मोजला. "छान ठेवली आहे हो," म्हणाले. आत्या ताठ उभी. मग ते खाली वाकले आणि टायर बघत म्हणाले, "स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे घ्या बरं." घेतलं. "आता पूर्ण डावीकडे."

तासभर मी अख्खं गाव गुंडाळलं, आणि ह्या माणसानं उभ्या गाडीत, एका जागी...

लागला. आत्या नेहमीचं वाक्य म्हणायला गेली, "पिवळा आहे..." आणि पुढचं तिच्याच्यानं म्हणवेना. तपासनीसांनी पेन काढलं.

"डाव्या चाकामागे," मी म्हटलं.

"काय? मोठ्यानं बोल बाळ, मशीन चालू आहे."

मोठ्यानं. तिथे बाकावर अकरा माणसं बसली होती, मी मोजली, आणि अकराही माझ्याकडे वळली. मी वर्गात हजेरी देते तर बाईंना पुन्हा विचारावं लागतं. पण मी ओरडले, "डाव्या चाकामागे, वायर आतून तुटली आहे. सेन्सर चांगला आहे. डावीकडे वळलं की ताणते." आणि पुरावा म्हणून भूगोलाची वही पुढे केली.

काका टॉर्च घेऊन खाली गेले. वायर वाकवली, आणि आत्यानं गाडी बंद करून सुरू केली, दिवा नाही. ताणली, दिवा. बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अहवालाच्या कागदाकडे. "चारच्या आत वायर बदलून आणा. तोवर हा कागद मी उघडा ठेवतो."

वायर मिळेपर्यंत तीन वाजले, मग मिस्त्रींनी ती वीस मिनिटांत बदलली. "मी तेच म्हणत होतो," असंही म्हणाले. पावणेचारला गाडी पास. बाबांनी भंगारवाल्याला पाचची वेळ दिली होती. आम्ही दारात शिरलो, चांगले डावीकडून, दिवा नाही, आणि बाबा म्हणाले, "झाली का पास," ज्या आवाजात आपण पाहुण्यांना विचारतो की अजून आठवडाभर आहात ना. टेप त्यांच्या खिशातच होता.

गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर आत्यानं इंजिन बंद केलं आणि दोघी तशाच बसून राहिलो. मग ती म्हणाली, "किती दिवस माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे." तिनं फडक्यानं काचेवरचा एक डाग पुसला. "मग रंगसुद्धा ठरला असेल."

"फिकट निळा."

ती रागावली नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चांगला दिसला असता," आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून गॅरेजची एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "संध्याकाळी ही सीट तुझी. शटर आतून लाव. मीसुद्धा वाजवूनच येईन."

तर आता मला खोली आहे. सीट मागे केली की पाय लांब होतात, मांडीवर ठेवायला आत्यानं दुकानातून भिंगांचा जुना ट्रे आणून दिलाय, आई शटरवर टकटक करून चहा देते, बाबांच्या बातम्या ऐकू येत नाहीत, फ्रिज नाही, कुणी नाही. फक्त गरम होतं. हवा हवी तर पंखा लावावा लागतो, पंख्यासाठी किल्ली अर्धी फिरवावी लागते, बॅटरीला चार्जर आहे त्यामुळे त्याची चिंता नाही, पण किल्ली फिरवली की माझ्या सीटखालचा सेन्सर ओळखतो की इथे माणूस बसलंय, आणि एक लाल दिवा लागतो आणि टुंग टुंग सुरू होतं. मिस्त्रींना विचारलं, हा बिघाड काढता येईल का? म्हणाले, "हा कुठे बिघाड आहे? अख्ख्या गाडीत हा एकच सेन्सर पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे." म्हणून मी रोज सहा ते आठ, बंद गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत, सीटचा पट्टा लावून भूगोल करते.