धुरपताबाईचा डबा

हा डबा न्यायले तुम्हाले कोणी सांगितलं जी? — नाही, भाताचे गंज न्या, पराती न्या, झारे न्या, ते सगळं तुमच्या अर्जुनीच्या मंडळाचंच आहे, मी कायले नाही म्हणू? कोरोनात उसने दिले होते, उपकार झाले तुमचे. पण हा डबा मंडळाचा नव्हे. ठेवा बरं तो खाली. — काय म्हणता? रुचीनं सांगितलं? केवळरामजीच्या लेकीनं? म्हणजे तुमच्याच मोहल्ल्यात राहते ती. बाप्पा. — बाबानं मागितला म्हणे? स्वतःच्या तोंडानं मागितला? म्हणजे बोलून राहिले ते आता. चांगलं आहे. इथून गेले तेव्हा बोलत नव्हते.

बसा जी, कैलाशभाऊ — कैलाशच म्हणाले ना तुम्ही? — बसा त्या पायरीवर. टेम्पो भरायले पोरं यायचे आहेत, सगळे धानाच्या रोवणीवर गेले, जेवणाच्या वेळेले येतीन. पाणी प्या. मटक्यातलंच आहे, आता कोणी कोणाच्या पेल्याले भीत नाही. तेव्हा भीत होते. तेव्हा तर आपलीच सावली दुसऱ्याच्या आंगणात पडली तरी माणूस मागं सरके.

देईन ना डबा. त्यांचाच आहे. हे पाहा झाकणावर त्यांच्या बाईचं नाव — सौ. धुरपता — ठिपक्या ठिपक्यानं कोरलेलं. तिच्या बापानं लग्नात दिला होता तिले, साकोलीकडचा होता तो. देईन. पण रिकामा कसा देऊ? तुम्हीच सांगा. तुमच्या घरी आई आहे ना? मग तुम्हाले माहीत असन. शेजारीण वाटीभर वरण पाठवते, तर वाटी धुऊन तशीच पाठवते काय कोणी? चिमूटभर साखर तरी टाकतेच ना बाई त्यात. आमच्या सासूबाई म्हणत, रिकामं भांडं घेऊन माणूस घराबाहेर निघाला का लक्ष्मी मागं मागं निघते. आता हे खरं का खोटं देव जाणे. पण हात वळत नाही. माझाही वळत नाही आणि धुरपताबाईचा तर — तिचा तर मरेपर्यंत वळला नाही.

सांगते. तेंदूपत्त्याचे दिवस होते. दुसरी लाट म्हणत तिले. घरोघरी ताप. अर्धं गाव खाटेवर आणि अर्धं गाव दार लावून. तेव्हा इंद्रकुमारभाऊनं — चौकातलं किराणा दुकान नाही काय, तेच — त्यांनी सेवा मंडळ उभं केलं. तांदूळ गावातून जमा झाला, गंज तुमच्याकडून आले, आणि रांधायले आम्ही बचत गटाच्या बाया. मी, सावित्रीबाई, आणखी चारपाच जणी. या समाजमंदिरातच चुली पेटवल्या. ज्या घरी बिमारी त्या घरी दोन वेळचा डबा. डबा ज्याचा त्याचा, घरचाच. तो फाटकाले टांगून ठेवायचा, आम्ही बांबूच्या काडीले आकडा बांधला होता, त्यानं उचलायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा, भरायचा, परत टांगायचा, आवाज द्यायचा आणि पाठ फिरवायची. घरात जायचं नाही. फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. अशी सेवा. माणसाचं तोंड न पाहता केलेली.

आणि एक नियम — डबा रिकामाच परत यावा. बिमारीच्या घरचं काही घ्यायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं. धुरपताबाईनं नाही ऐकलं. पहिल्याच दिवशी झाकण उघडतो तर आत लाल मिरच्या. देठ खुडलेल्या, पुसून ठेवलेल्या. इंद्रकुमारभाऊ ओरडले, "बाई, ये इन्फेक्शन का मामला है, फेका त्या खड्ड्यात!" मी फाटकावर जाऊन सांगितलं, धुरपताबाई, काही टाकू नका हो. आतून आवाज आला — खोकत खोकत — "मग डबाच नको पाठवू मले, सुशिला. मी काय भिकारीण आहो?" घ्या! आता काय बोलता? सावित्रीबाई म्हणे, बिमार आहे पण जीभ ठणठणीत आहे.

मग रोज काही ना काही. चिंच आली, चिंचोके काढलेली. मोहफुलं आली, निवडलेली. एक दिवस तर सुकी मासोळी! समाजमंदिरात! आमचे माळकरी बिसराममहाराज समोरच बसले होते, ते उठूनच गेले. आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो — त्या दिवसांत हसायले दुसरं होतं काय? सावित्रीबाई रोज सकाळी झाकण उघडताना म्हणे, चला गं, धुरपताबाईचा पेपर आला, वाचा. आणि आम्ही वाचत होतो. खरंच वाचत होतो. चिंच आली म्हणजे बाई मागच्या खोलीपर्यंत चालली. कैरी आली म्हणजे बाई झाडाखाली गेली. तब्येत पाहायले दुसरा रस्ता कोणता? दार बंद, तोंड दिसत नाही. रुची फोन करे, काकू, आई कशी आहे, तिचा फोन लागत नाही, लागला तर बाबा उचलतात आणि हो हो म्हणून ठेवून देतात. मी सांगे, अगं चांगली आहे, आज चिंच पाठवली तिनं. रुची हसे. म्हणे, मग बरी आहे आई. येऊ का मी? — मी म्हणे, कायले येतेस गं लेकरं घेऊन, रस्ते बंद आहेत, आम्ही आहो ना. आम्ही आहो ना म्हटलं मी. असं म्हणतात ना जी माणसं.

फेकत होतो सगळं खड्ड्यात, हो. वरून राख टाकत होतो. — एक दिवस नाही फेकल्या मिरच्या. आता कोणाले सांगू नका. चांगल्या भिवापुरी, इतक्या निगुतीनं खुडलेल्या, मले पाप वाटलं. पदराखाली घरी नेल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या आणि वरणात टाकल्या. मालक म्हणाले, आज वरणाले काय चव आहे गं. मग रात्रंदिवस गळ्याले हात लावून पाहत होती, ताप आला का, ताप आला का. काही झालं नाही. चव मात्र अजून जिभेवर आहे.

हां, तर मग एक दिवस मिरच्या आल्या देठासकट. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी चिंच — चिंचोके तसेच, वरचं टरफलही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी तर धान आलं, मूठभर. तांदूळ नाही जी, धान, कोंढ्यासकट. सावित्रीबाई म्हणे, आता काय आम्ही मुसळ घेऊन बसावं? आळशी झाली बाई, खाटेवरचं आयतं खाऊन! आणि आम्ही हसलो. — तुम्ही नाही हसले. तुम्हाले आत्ताच समजलं ना? पाहा. तुम्ही पुरुष माणूस, टेम्पो चालवता, तुम्हाले ऐकताऐकता समजलं. आणि आम्ही साऱ्या बाया, जन्मभर मिरच्या खुडलेल्या, आम्हाले नाही समजलं. देठासकट मिरची कोणती बाई देते? कोणतीच नाही. पण मनच घ्यायले तयार नव्हतं. डबा भरून आला ना? मग झालं. भरलेला डबा पाहायची इतकी गरज होती आम्हाले.

आणि तेव्हा गुंजन आली — आमच्या गावची आशा वर्कर, पोरगी लहान पण पायाले भिंगरी. तिच्याकडे ती बोटाले लावून ऑक्सिजन पाहायची मशीन होती, साऱ्या गावात एकच. घरोघरी जाऊन पाहून राहिली होती बिचारी, त्या प्लास्टिकच्या कपड्यात घामानं भिजलेली. मले म्हणे, काकू, डबे तुम्ही देता, तुम्हालेच जास्त माहीत, आज पहिले कोणाकडे जाऊ? मी म्हटलं, जा खालच्या टोलीत, तिथं दोन घरचे डबे भातासकट परत आले. धुरपताबाईचं राहू दे, म्हटलं, तिचं काही नाही, तिचा डबा भरून येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं तिनं. पुन्हा तेच सांगितलं मी.

हे रुचीले सांगू नका हं, भाऊ. — म्हणजे सांगा. नाही, नका सांगू. तिले काय वाटन? मी म्हणजे — तिले मी न्हाऊ घातलं आहे लहानपणी. तुम्ही फक्त डबा द्या. मी कायले बोलली हे तुम्हाले? तुम्ही गंज न्यायले आलेला माणूस.

मग गेली गुंजन शेवटी. बाहेर आली ते कपाळाले हात लावून, फोनच लावत आली दवाखान्याच्या गाडीले. बाई कधीची खाटेवरून उठलीच नव्हती. डोळे मिटलेले. आणि केवळरामजी, त्यांच्या अंगात ताप, ते डबा उघडा धरून खाटेजवळ उभे, विचारून राहिले, आज काय टाकू गं? आणि ती बोटानं दाखवे. त्या कोपऱ्यातल्या मडक्याकडे. बोट हलत होतं म्हणे नुसतं. त्या मडक्यात जे असन ते मूठभर त्यात. माणसाले काय माहीत खुडायचं न् निवडायचं? जन्मात चुलीपाशी गेला नाही. ती सांगे, तो टाके, आणि आम्ही इकडे पेपर वाचत होतो.

गाडी आली. गोंदियाले नेतो म्हणाले. केवळरामजीले बसू दिलं नाही, तेही बिमारच ना. ते फाटकाले धरून उभे. आम्ही रस्त्याच्या या बाजूले उभ्या, तोंडाले पदर. गाडीत चढवताना बाई काही बोलली. गुंजन म्हणते, डबा रिकामा देऊ नका जी, असं बोलली. आता गुंजनच्या कानावर ती टोपी, तोंडावर ते झाकण, तिले काय ऐकू आलं आणि काय नाही — मी खरंखोटं करत नाही.

पण त्यानंतरही डबा भरून येत होता! बाई नाही घरात, तरी भरून. एक दिवस गुळाचा खडा, दगडासारखा. एक दिवस नुसतं जास्वंदीचं फूल, घरात दुसरं काही उरलं नसन. सावित्रीबाई आता पेपर म्हणत नव्हती. झाकण उघडे आणि तोंड फिरवून घे. ते फूल इंद्रकुमारभाऊनं स्वतः नेलं खड्ड्याजवळ, कितीतरी वेळ हातात घेऊन उभे होते, मग ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. मी रोज फाटकावरून आवाज देई, केवळरामजी, जेवले काय? आतून आवाज ये — हो. बस. तेवढंच.

आणि मग एका संध्याकाळी गुंजनले फोन आला गोंदियाहून. — हो. गेली. तिकडेच केलं सारं, आणलं नाही. सांगायचं कोणी? गुंजन, मी आणि सावित्रीबाई, तिघी गेलो. फाटकावरूनच सांगितलं. तुम्ही पाहिलं आहे काय असं कधी? आपल्याकडे कोणी गेलं तर माणसं बसायले येतात, बाया जवळ घेतात, चूल पेटत नाही तर शेजारी भाकर आणतात, घास हातानं भरवतात. आणि आम्ही ओरडून सांगून राहिलो, कारण आवाज पोहोचला पाहिजे ना आंगणापर्यंत. ओरडून सांगितलं त्या माणसाले की तुझी बायको गेली. ते खाली बसले, मातीतच. सावित्रीबाई आत जायले निघाली, मीच हात धरला तिचा. तिच्या घरी सून पोटुशी होती. हात धरून उभी राहिली मी, आणि ती हिसके देऊन राहिली. मग डबा टांगला. दुसरं काय करणार? भात होता, वरण होतं, आवाज दिला — केवळरामजी, दोन घास खाऊन घ्या — आणि पाठ फिरवून आलो.

पुढे त्यांले आमच्या सेवा मंडळाच्या डब्यातच दिलं, हा इथंच राहिला. मग रुची येऊन घेऊन गेली त्यांले अर्जुनीले, घराले कुलूप लागलं. तेव्हापासून पाहते मी याच्याकडे. यात टाकू काय? साखर टाकू? दुखवट्याच्या माणसाले साखर पाठवतात काय? तांदूळ टाकू? तांदूळ पाहून त्यांच्या डोळ्यापुढे काय येईन सांगा. मिरच्या म्हणता तुम्ही — मिरच्या कोणाच्या टाकू, भाऊ? तिच्या तर मी खाऊन बसली. सावित्रीबाईले विचारलं, ती म्हणे, मले विचारू नको. इंद्रकुमारभाऊ म्हणे, दुकानातून जे पाहिजे ते ने. दुकानातलं काय टाकते माणूस यात?

ते पाहा, आले पोरं. ए मोनू, गंज उपडे ठेव रे, आणि पराती मधात. — तुम्ही उठा जी, तुम्हाले उशीर होईन. हा डबा मागं नका टाकू, ठोके लागतीन, सीटजवळ ठेवा. हो, रिकामाच. तसाच न्या. केवळरामजीले सांगा, सुशिलानं — नाही, काही सांगू नका. त्यांले राग नाही येणार. त्यांले माहीत आहे.

बाई गेल्याचं सांगितलं त्या संध्याकाळी आम्ही भरून टांगला होता ना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाले टांगलेला होता, घासलेला, पुसलेला, आणि आत काही नव्हतं.